होयब्याचा डोळा

३ तारीख, मंगळवार

आजपासून रजा. कन्या म्हणते, बाबांनी रजा घेतली. मी म्हणतो, मला रजा दिली. दोन्हींत फरक आहे आणि तो फक्त ज्याला दिली जाते त्यालाच कळतो.

झालं इतकंच, की मागच्या आठवड्यात भुलीचं इंजेक्शन देताना सुई एका आजोबांच्या ओठाला लागली. जरासा ओरखडा. आजोबा काही बोलले नाहीत. बोलणार कसे, तोंडात माझी बोटं होती. पण शेजारच्या खुर्चीवरून कन्येने पाहिलं. ही माझ्याच हाताखाली तयार झालेली दातांची डॉक्टर. संध्याकाळी सिस्टर घरी गेल्यावर म्हणाली, "बाबा, तुमचा उजवा हात थरथरतोय. कधीपासून?"

मी म्हटलं, "ही नवी खुर्ची. उंची जमत नाही मला."

"खुर्ची येऊन चार वर्षं झाली."

मग ठरलं की मी महिनाभर आराम करायचा आणि त्यानंतर बघू. हे 'बघू' मी आयुष्यभर पेशंटना म्हणत आलोय. दाढ काढावीच लागणार हे मला ठाऊक असतं, पण समोरचा चेहरा पाहून मी म्हणतो, "बघू." खुर्चीत बसलेल्याला तो शब्द किती झोंबतो, हे आज समजलं.

४ तारीख, बुधवार

जावईबापू आले. बँकेत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून पक्ष्यांसाठी झुडपात दबा धरून बसायचं, असं त्यांचं आयुष्य आहे. त्यांनी आपला जुना कॅमेरा आणि एक लांबलचक लेन्स आणून दिली. वजनाला मुसळ. म्हणाले, "बाबा, टेलिफोटो आहे. लांबचं जवळ दिसतं. वेळ छान जाईल."

"घ्या हो," ही आतून म्हणाली. "नाहीतर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड कराल."

लगेच मागच्या दारी गेलो. पक्षी म्हणजे एक कावळा, तोही माझ्याकडे पाठ करून बसलेला. पण कुंपणाच्या भिंतीवर एक सरडा ऊन खात पडला होता. सवयीने मी त्याच्या तोंडापाशी गेलो, वीतभर अंतरावर. सगळी हयात माणसांच्या तोंडात वाकून गेली, दुसरं काय येणार? तर लेन्स नुसती घरघरली. डोळ्यासमोर सगळा गोंधळ.

मी सरड्याला विचारलं, "फोटो काढू का?" त्याने मान हलवली. होय. पुन्हा हलवली. होय, होय. मी कॅमेरा सावरला तर हा पसार! समोर मुंडी हलवायची आणि वेळ आली की पळ काढायचा, अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. नाव ठेवलं, होयबा.

६ तारीख, शुक्रवार

जावईबापूंना फोन करून लेन्स बिघडली आहे असं सांगितलं. ते हसले. ही लेन्स फार जवळचं बघतच नाही म्हणे. मागे सरका, म्हणाले. जवळचं बघायला लांब जायचं, असा हा उलटा कारभार.

संध्याकाळी ते एक रिंग घेऊन आले. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसवली की थोडं जवळून दिसतं. मी रिंगला डोळा लावून पाहिलं. आत काच नाही, काही नाही. पलीकडे ही भाजी निवडताना दिसली.

"जावईबापू, हिच्यातली काच पडली कुठेतरी."

"काच नसतेच, बाबा. पोकळच असते."

मला वाटलं आपली फिरकी घेतायत. पण बसवली आणि काय सांगू! तीन-चार हातांवर उभा राहिलो तरी होयब्याचं डोकं अख्ख्या चौकटीत मावेना. गळ्यावरचा खवला न् खवला दिसला. मी पटापट फोटो काढले, आणि आत येऊन पाहिले तर प्रत्येक फोटोत होयब्याला एकाच बाजूला दोन डोळे.

"वारा होता," मी म्हटलं.

हिने खिडकीतून बाहेर पाहिलं. "दोरीवरचा टॉवेल तर हलत नाहीये. नाचता येईना अंगण वाकडं!"

९ तारीख, सोमवार

काल स्टँड लावून फोटो काढले. उत्तम आले. पण त्यात माझं कर्तृत्व काय? ते स्टँडचं. तीन पायांवर उभं राहिलं की कुणीही स्थिर राहील.

काल रात्री कन्या जेवायला आली होती तेव्हा तिला हे बोलून दाखवलं आणि बोलता बोलता एक नामी कल्पना सुचली. मी म्हटलं, "पैज लाव. स्टँड नाही, भिंतीचा टेकू नाही, कॅमेरा नुसता हातात धरून मी होयब्याच्या डोळ्याचा स्पष्ट फोटो काढतो. जो हात सरड्याच्या डोळ्यावर नेम धरतो, तो दाढेवर धरणार नाही का? काढला, तर महिनाअखेरीला माझी खुर्ची मला परत. नाही काढला, तर मी पुन्हा दवाखान्याचं नाव काढणार नाही."

तिने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "लावली."

इतक्या लवकर तयार होईल असं वाटलं नव्हतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, माझी तिथवर तरी नक्की आहे.

जाता जाता लिहून ठेवतो: ही हल्ली माझा चहाचा कप अर्धाच भरते. संपला की पुन्हा अर्धा. विचारलं तर म्हणते, गरम राहतो. एवढी वर्षं संसार झाला आणि हा कंजूषपणा आत्ता सुचला. शिवाय माझे सगळे शर्ट धुवायला टाकून दोन टी-शर्ट आणून ठेवलेत, गळ्यातून घालायचे, बटणं नसलेले. म्हणे, फोटोग्राफर असंच घालतात.

१२ तारीख, गुरुवार

सराव जोरात. जावईबापूंनी सांगितलं होतं, कोपर पोटाशी धरा, श्वास रोखा. आज मी जमिनीवर पालथा पडून, कोपर टेकून, श्वास रोखून पाहिलं. टेकू चालत नाही हे माहीत आहे, पण हा सराव होता. एवढ्यात ही ओट्यावरचं काम टाकून किंचाळत धावत आली. तिला वाटलं मी गेलो. होयबा पळाला, हिने मला उठवून बसवलं, छातीवर हात ठेवून पाहिलं आणि मग जी सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

संध्याकाळी माझा जुना वर्गमित्र, जो मेंदूचा मोठा डॉक्टर आहे, 'सहज' घरी आला. सहज कसला, कन्येने पाठवला. मी आधीच बजावलं होतं की हात दाखवून अवलक्षण मला नको आहे. तरी त्याने गप्पा मारता मारता माझ्याकडून कागदावर एक गोल काढून घेतला, बोट नाकाला लावून घेतलं. म्हणाला, "घाबरायचं कारण नाही. आजार म्हणावा असं काही नाही. वयाप्रमाणे काहींच्या हाताला कंप येतो, तो काही जात नाही. पण घाबरू नकोस."

बघा! काही नाही म्हणाला. हिला सांगितलं तर ती तोंड फिरवून भांडी लावू लागली. आनंदाची बातमी हिला पचत नाही.

१५ तारीख, रविवार

आजचा दिवस होयब्याचा. सकाळपासून बसलो होतो. तो भिंतीवर आला, पुढच्या पायांवर जोर काढू लागला. वर, खाली. का, तर पलीकडच्या झुडपात एक होयबीण बसलेली! महाशयांचा गळा बघता बघता लालबुंद झाला. ती ढिम्म. त्याने आणखी जोर काढले. ती एक किडा खाऊन निघून गेली. बिचाऱ्याचा रंग उतरला, अगदी खरोखर, माझ्या डोळ्यांदेखत तो पुन्हा मातकट झाला.

मग त्याने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं. काय दात! बारीक, एकसारखे, जबड्याच्या काठावरच चिकटलेले. एकालाही कीड नाही. इतका मजेचा दिवस मी दवाखान्याबाहेर कधी घालवला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे.

फोटो मात्र सगळे हललेले.

चिडून चहा मागितला. ही शेजारणीकडे गेली होती, म्हणून स्वतःच केला आणि कप काठोकाठ भरला. उचलला आणि ओठापर्यंत नेईस्तोवर अर्धा बशीत, थोडा टी-शर्टवर, थोडा होयब्याच्या छापून आणलेल्या फोटोंवर. मी तसाच बसून राहिलो. ही आली, तिने फडकं आणलं, टेबल पुसलं आणि एक शब्दही बोलली नाही. जी बाई वाऱ्यावरून मला म्हणी ऐकवते, ती चहावरून गप्प बसली. तेव्हा मला तो अर्धा कप कळला. बटणंही कळली. फार वाईट वाटलं. तिला कंजूष म्हणत होतो मी.

पण चहा वेगळा आणि दाढ वेगळी. दाढेत हात टेकायला जागा असते.

१८ तारीख, बुधवार

शंकेची पाल चुकचुकली. दवाखान्यात फोन केला तर मागे कन्येचा आवाज ऐकू आला, "बाबांच्या पुढच्या महिन्याच्या पेशंटनाही माझ्याच वेळेत घ्या." म्हणजे माझी पुढच्या महिन्याची पेशंटची वही कोरी? कट शिजतोय.

कॅमेरा पिशवीत घातला आणि दवाखान्यासमोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो. रस्त्यापलीकडे आमची मोठी काच. लेन्स लावली.

शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "डॉक्टर, कुणावर पाळत?"

"पक्षी बघतोय."

"दवाखान्यात?"

"तू पँट शिव."

कन्या दिसली. माझ्या नव्हे, तिच्याच खुर्चीपाशी होती. माझी खुर्ची रिकामी, तिच्यावर कापड घातलेलं. मी लेन्स तिच्या हातावर नेली. चित्र नाचत होतं, पण नाचत होतं ते माझ्याकडून. तिचा हात मधोमध अगदी शांत होता. मधलं बोट टेकवत नव्हती, त्याच्या पुढचं, करंगळीशेजारचं बोट बाजूच्या दातावर टेकवून मग काम करत होती. हे तिला मी शिकवलं. पहिल्या वर्षी ती विसरायची, तेव्हा मी तिच्या मनगटावर आरशाच्या दांड्याने टिचकी मारायचो.

बराच वेळ बघत बसलो. कट वगैरे काही दिसला नाही. शिंप्यालाही बघायचं होतं, म्हणून त्याला दाखवलं. तो म्हणाला, "ताईंचा हात काय सरळ चालतो! आमच्याकडे काजं करायला ठेवली असती." मला इतका अभिमान वाटला की मी त्याच्याकडे एक शर्ट शिवायला टाकला. मग आठवलं, शर्टाला बटणं असतात.

२० तारीख, शुक्रवार

जावईबापू एकटेच आले. माझे हललेले फोटो एकेक करून बघितले. बराच वेळ घसा खाकरला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाबा, तुम्ही सकाळच्या कोवळ्या उन्हात काढताय. भर दुपारी काढा. उजेड भरपूर असला की शटर खूप वेगात ठेवता येतं. मग हात जरी..." इथे ते थांबले आणि बुटाची नाडी बांधू लागले. नाडी सुटलेली नव्हती.

"हात जरी काय?"

"काही नाही. तुमच्या लेकीला मी सांगितलं म्हणून सांगू नका."

एवढं काय लपवायचं आहे? माणूस भला, पण भित्रा.

२३ तारीख, सोमवार

काढला! काढला! काढला!

टळटळीत ऊन. होयबा भिंतीवर, मी चार हात मागे, पायांवर सरळ उभा. कशाचा टेकू नाही. ही साक्षीदार म्हणून दारात. शटर जावईबापूंनी सांगितलं तिथे. होयब्याच्या पापणीवर एक मुंगी चढली, तो मुंडी न हलवता तिच्याकडे तिरपा बघू लागला, आणि मी बटण दाबलं.

फोटोत डोळा एकच. सोनेरी कडा, मधे काळा ठिपका, भोवती बारीक खवल्यांची गोल पापणी, आणि पापणीवर मुंगी. मुंगीचे पाय मोजून घ्या! हिने फोटो पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, हा अगदी तुमच्या थोरल्या भावासारखा बघतोय." आम्ही दोघं हसत सुटलो. कितीतरी दिवसांनी अशी हसली ही.

रात्री कन्या आली. फोटो मोठा करून, आणखी मोठा करून पाहिला.

"स्टँड?"

"नव्हतं," ही म्हणाली. "मी होते तिथे."

कन्येने नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापू पंख्याकडे बघत होते. मग तिने कॅमेरा माझ्या हातात दिला. "जिंकलात, बाबा. तीस तारखेला या. पहिला पेशंट तुमचा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी डोळ्यांत काहीतरी गेल्याच्या नावावर खपवलं. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली नाही. जेवताना कन्या एकाच बाजूने चावत होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही." दातांच्या डॉक्टरला 'काही नाही' सांगते!

२७ तारीख, शुक्रवार

झोप लागत नाही. आज दुपारी एक प्रयोग केला आणि तो केला नसता तर बरं झालं असतं.

जावईबापूंचं ते अर्धवट वाक्य डोक्यात घोळत होतं. हात जरी काय? भर उन्हात गेलो, शटर तिथेच ठेवलं आणि होयब्यासमोर उभा राहून मुद्दाम हात हलवला. साधासुधा नाही, चाळणीने पीठ चाळतात तसा कॅमेरा गदागदा हलवत बटण दाबत राहिलो. बरेच फोटो चौकटीबाहेर गेले, नुसती भिंत आली. पण ज्यांत होयबा आला, त्यांत तो स्पष्ट. खवले सुईने कोरल्यासारखे.

फोन करून विचारलं. जावईबापू आधी टाळत होते, मग म्हणाले, "शटर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळ उघडं असतं, बाबा. तेवढ्यात कुणाचाच हात हललेला दिसत नाही. माझाही."

म्हणजे हात हलतच होता. फक्त कॅमेऱ्याने तो पाहिला नाही.

कन्येला सांगायचं का? पैज स्पष्ट फोटोची होती. फोटो स्पष्ट आहे. वेगवान शटर वापरायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. पैज ती पैज. मी सांगणार नाही.

होयबा आज भिंतीवरून माझ्याकडे बघून सारखा मान हलवत होता. होय, होय. त्याला काय जातंय!

३० तारीख, सोमवार

सकाळी हिने कपाटातून बटणांचा शर्ट काढला आणि स्वतःच लावून दिली बटणं, खालून वरपर्यंत. मी मुलासारखा उभा राहिलो.

दवाखान्यात सिस्टरनी माझा पांढरा कोट इस्त्री करून ठेवला होता. माझ्या खुर्चीवरचं कापड काढलेलं, हत्यारं ओळीने मांडलेली. मी हात धुतले, हातमोजे चढवले आणि म्हटलं, "पाठवा पहिला पेशंट."

कन्या आत आली, दार लावलं आणि खुर्चीत जाऊन आडवी झाली.

"हे काय?"

"खालची उजवी दाढ. कीड लागलीये. गार पाणी लागलं की कळ जाते."

"मग एवढे दिवस थांबलीस कशाला? तुझ्या मैत्रिणीचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे!"

"मला तुमच्याकडूनच भरून घ्यायची होती," ती म्हणाली आणि तिने आ केला.

मी दिवा ओढला. डावा हात शहाणा आहे माझा, आरसा त्याने बरोबर धरला. दाढ पाहिली. काळा ठिपका छोटा होता, पण खोल, नसेच्या अगदी जवळ. अशा जागी केसभर इकडचं तिकडे झालं की नस उघडी पडते. तिने भूल घेतली नव्हती. नको म्हणाली, वरवरचंच आहे, असं तिचं म्हणणं. ते खोटं होतं. मी सुई देताना माझा हात तिला बघायचा नव्हता. मी प्रत्येक पेशंटला सांगतो तेच तिलाही सांगितलं, "दुखलं तर डावा हात वर कर. मी लगेच थांबेन."

दाढ कोरायचं मशीन उचललं. अजून सुरू केलं नव्हतं. करंगळीशेजारचं बोट तिच्या बाजूच्या दातावर टेकवलं.

टेकलं नाही ते. वाजलं. तिच्या दातावर माझं बोट टकटक, टकटक वाजत राहिलं. मी दाबून धरलं तर आणखी वाजायला लागलं. मला ऐकू येत होतं, म्हणजे तिला तर थेट डोक्यात ऐकू येत असणार. दात तिचा होता.

तिने तोंड मिटलं नाही. डोळे मिटले आणि आ आणखी मोठा केला.

मी मशीन जागेवर ठेवलं आणि डावा हात वर केला.

जरा वेळाने तिने एक डोळा उघडला. "बाबा, हात मी वर करायचा असतो."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मला दुखलं," मी म्हटलं. आणि तो फोटो कसा आला तेही सांगून टाकलं, शटरसकट, चाळणीसकट.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "फोटोखाली शटरचा आकडा येतो, बाबा." ती रडत होती की हसत होती हे समजेना, कारण दिवा अजून तिच्या तोंडावर होता. मी तो बंद केला. मग ती उठून बसली, माझे हातमोजे काढले आणि माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.

दार ढकलून सिस्टर आत डोकावल्या. "मोठे डॉक्टर, बाहेर दोघं बसलेत. तुमच्याकडूनच तपासून घेणार म्हणतायत."

"त्यांना म्हणावं, मोठे डॉक्टर आजपासून निवृत्त झाले. ताई बघतील."

सिस्टर घाबरून कन्येकडे बघायला लागल्या.

"तिच्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "निवृत्त मी झालोय."

दुपारी मैत्रिणीला बोलावून घेतलं आणि कन्येची दाढ भरून घेतली. भूल देऊन, नीट. माझ्याच खुर्चीत. थुंकी ओढायची नळी मी धरली होती. त्या कामात हात थोडा हलता असलेला बरा असतो, सगळीकडचं पाणी ओढलं जातं.